बरबड्याचं पीक

बरबडा हे पीक नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे सगळा घोळ त्यावरूनच झाला. बरबडा म्हणजे तण. ज्वारीत, तुरीत, कापसात, बांधावर, गाडीवाटेच्या मधल्या पट्टीवर, जिथे पेरलेलं उगवत नाही तिथे न पेरलेला बरबडा उगवतो. गुडघ्याच्या आत उंची, तीन तीन बारीक पानं, लालसर फुलं आणि बोटाच्या नखाएवढीही नसलेली शेंग. मी आठ वर्षांची असल्यापासून तो उपटत आले. आई त्याच्याही खूप आधीपासून. दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायचं, पात धरायची आणि समोर येईल तो बरबडा मुळासकट काढून मागे टाकायचा, यात आमच्या घराण्याचा हात धरणारं कोणी नव्हतं.

आमचं स्वतःचं रान होतं, पण ते आमचं नव्हतं. गावाच्या वरच्या अंगाला गायरानाचा माळ आहे. बौद्धवाड्यातल्या काही घरांनी तिथले दगड वेचून पट्टे केले, त्यातला पावणेदोन एकराचा पट्टा माझ्या वडिलांनी केला. ते गेल्यावर आई कसू लागली. नवऱ्याचं आणि माझं फार दिवस जमलं नाही, तेव्हा मीही माहेरी येऊन तिच्याबरोबर कसू लागले. कागदावर ते अतिक्रमण. तलाठ्याच्या वहीत आईचं नाव आणि त्यापुढे त्या वर्षी कोणतं पीक उभं आहे ते लिहिलं जायचं. एक ओळ. एवढीच आमची मालकी. त्या ओळीत बाजरी किंवा मूग लिहिलेला असला की आई वर्षभर निवांत असायची.

मग लागोपाठ दोन वर्षं पाऊस झाला नाही आणि त्या ओळीत दोन्ही वर्षं 'पड', म्हणजे पडीक, लिहिलं गेलं. त्याच सुमारास नवे तलाठी आले. तरुण होते, बोलायला चांगले होते. त्यांनी आईला समजावून सांगितलं की तिसऱ्या सालीही पड निघाली तर तुम्ही ताबा सोडला असं धरलं जाईल, आणि झाडं लावायला ग्रामपंचायतीने हा माळ मागितलेलाच आहे. माणसांना प्यायला टँकर येत होता त्या गावात झाडं कोणत्या पाण्यावर जगणार, हे त्यांनी सांगितलं नाही.

तिसऱ्या साली आईने बाजरी पेरली. ती बोटभर येऊन करपली. मोडून मूग पेरला. तो आलाच नाही. आषाढ सरत आला होता आणि आईचं जेवण कमी झालं होतं. ती तक्रार करणाऱ्यातली नाही. ती फक्त भाकरी अर्धी मोडून ठेवते आणि म्हणते, भूक न्हाई. मला त्या अर्ध्या भाकरीचा फार राग यायचा.

मी तेव्हा गावच्या दूध संस्थेत कामाला होते. सगळे तिला डेअरीच म्हणत. सकाळ-संध्याकाळ दूध मोजायचं, फॅट काढायची आणि फॅट कमी लागली की लोकांची बोलणी खायची. त्या वर्षी गावची निम्मी जनावरं छावणीत होती, उसाच्या वाढ्यावर. नुसतं वाढं खाऊन दुधाला फॅट लागत नाही, हे गाईला कळतं, मशीनला कळतं, पण दूध घालणाऱ्याला कळत नाही. तो माझ्याकडे असं बघायचा की फॅट मीच घरी नेली असावी.

यावर उपाय म्हणून संस्थेने सभा घेतली. आमच्या संस्थेत ठराव पटापट व्हायचे, ठरावाला पाणी लागत नाही. जिल्ह्याहून एक चारा अधिकारी आले होते. त्यांनी मोबाइलवर एक चित्र दाखवलं. कुठल्याशा लांबच्या देशात वाळवंटात येणारी, द्विदल कुळातली रानटी वनस्पती. पाऊस नसला तरी तग धरते, मुळांच्या गाठींनी जमिनीला खत देते, जनावर आवडीने खातं. बी मागवावं लागेल, म्हणाले, आणि येईल की नाही ते सांगता येत नाही. मोबाइल हातोहात फिरला. आई दुधाची किटली घेऊन दाराशी थांबली होती, तिच्याही हातात आला. तिने चित्र जवळ धरलं, लांब धरलं.

"ह्यो तर बरबडा हाय," ती म्हणाली.

सगळे हसले. अधिकारी हसले नाहीत. त्यांनी बाहेर जाऊन बांधावरचा एक बरबडा उपटून आणला, मुळाच्या गाठी पाहिल्या, पान चुरगळून हुंगलं आणि म्हणाले, तीच नाही, पण भाऊबंद म्हणायला हरकत नाही. आपलं घरचं असताना बाहेरून कशाला आणायचं? अर्ध्या-पाऊण एकरावर बियाण्यासाठी लावून बघा.

आता प्रश्न आला कोणाच्या रानात. चेअरमन गावातले मोठे बागायतदार. ते म्हणाले, "माझ्या रानात मी बरबडा पेरला तर लोक म्हनतील दुष्काळानं चेअरमनचं डोकं गेलं." बाकीच्या संचालकांनाही आपापल्या डोक्याची काळजी होती. तेव्हा आई म्हणाली, "माझ्या रानात पेरा. पर हे पीक हाय म्हनून डेअरीनं लिहून द्यायचं."

ती पुढे सरकून बोलली हे मला नवीन होतं. चेअरमन तयार झाले, पण त्यांची एक अट होती: बरबड्याचा गवगवा नको, शेजारच्या गावच्या डेअरीला आयतीच थट्टा मिळेल. मग मी ठरावात 'स्थानिक द्विदल चारा' असं लिहिलं. आईलाही ते बरंच वाटलं. आळीतल्या बायांनी विचारलं तर ती सांगायची, डेअरीचं बेणं हाय, सरकारी. बरबडा हे नाव ती घेत नसे. मी म्हटलं, लाजायचं काय त्यात? ती म्हणाली, "तुला न्हाई कळायचं." आमच्या घरात या वाक्यानंतर बोलणं थांबतं.

बी कुठून आणायचं हा पुढचा प्रश्न. जन्मभर उपटून फेकलेल्या वस्तूचं बी कोणी जपून ठेवत नाही. आई मला पहाटे माळावर घेऊन गेली आणि मुंग्यांच्या बिळापाशी बसली. मुंग्या रानातलं बी वेचून बिळात भरतात. तिने खुरप्याने बिळाच्या कडेची माती अलगद उचलली, सुपात घेतली, पाखडली. मोहरीहून बारीक तपकिरी दाणे तळाशी राहिले. निम्मे तिने परत बिळाच्या तोंडाशी ठेवले. मी विचारलं हे तुला कसं माहीत. "बाहत्तरच्या दुष्काळात लोकं असंच जमा करायची," ती म्हणाली. मी विचारलं, कशाला? "खायला. लोकं बरबडा दळून खायची." लोकं कोण, हे मी विचारलं नाही. बाहत्तरच्या दुष्काळाच्या गोष्टी मी इतक्या ऐकल्या होत्या की त्यातली लोकं मला पुस्तकातली वाटायची. सात-आठ पहाटे वेचून दोन शेर बी झालं.

आता कोणाला खरोखर बरबडा लावायचा असेल तर त्याच्यासाठी लिहिते, कारण हे कुठे छापलेलं नाही. नुसतं बी टाकलं तर ते उगवत नाही. आम्ही कुंडीत टाकून पाहिलं, रात्रभर भिजवून पाहिलं, दाणा जसाच्या तसा. तुम्हाला नको असतो तेव्हा बरबडा दगडातून येतो आणि हवा असतो तेव्हा कुंडीतूनही येत नाही. त्याची साल इतकी टणक की पाणी आत शिरत नाही. अधिकाऱ्यांनी फोनवर सांगितलं, पाणी उकळा, खाली उतरवा, त्यात बी चार-पाच मिनिटं ठेवा. हे काम चेअरमननी स्वतःकडे घेतलं. त्यांच्या हातून आजवर उकळलं गेलेलं एकमेव द्रव्य म्हणजे दूध, आणि दूध उतरवून उकळत नाहीत. त्यांनी बी पातेल्यात टाकून खालचा जाळ तसाच ठेवला. अर्ध्या तासाने निम्म्या बियाण्याची उसळ झाली. त्यांच्या म्हशीने ती खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी तिची फॅट चांगली लागली, हे मी नोंदवून ठेवलंय.

उरलेलं बी आईने घरी आणलं. जात्याच्या मधल्या खुंटीवर चिंधीची चुंबळ ठेवून वरचा दगड जरा उचलला, बियाण्यात मूठभर वाळू मिसळली आणि जातं हळूहळू ओढलं. दाणा फुटायचा नाही, फक्त साल खरचटली पाहिजे. एक मूठ ओल्या फडक्यात बांधून ठेवली. तिसऱ्या दिवशी मोड आले. अधिकारी पाहायला आले तेव्हा त्यांनी आईला विचारलं, ही पद्धत कुणी शिकवली? आईने सांगितलं, दळताना जे दाणे अर्धवट खरचटून जात्यातून उडायचे ते पुढच्या पावसात दारापुढं उगवायचे. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. दळताना म्हणजे कुठे, कोणाच्या दारापुढे, हे त्यांनीही विचारलं नाही.

श्रावणात एक भुरभुर पाऊस झाला. बाकीचं गाव त्याला पाऊस म्हणायला तयार नव्हतं. आम्ही बियाण्यात चौपट वाळू मिसळून ते पाऊण एकरात फेकून पेरलं आणि वरून काट्याची फांदी ओढली. नखाएवढ्या मातीखाली गेलं तर बस, जास्त खोल गेलं की संपलं. पुढे काही करायचं नाही. खत नाही, फवारणी नाही, पाणी असतं तर दिलंही नसतं. बरबड्याला लागतं ते एवढंच की माणसाने त्याला उपटू नये, आणि तेच सगळ्यात अवघड निघालं.

दहाव्या दिवशी रान हिरवं दिसू लागलं. आई संध्याकाळी बांधावरून चक्कर मारून यायची, आणि घरी येऊन बघते तर मुठीत चार-पाच बरबडे. चालता चालता तिने ते काढलेले असायचे. तिला कळायचंसुद्धा नाही. मलाही हसू आलं नाही, कारण माझ्याही मुठीत दोन होते. शेवटी आम्ही हात पाठीमागे बांधून रानात फिरू लागलो. वाटेने जाणारे पुरुष म्हणायचे, "मावशे, रान लई तणात घातलं." आई म्हणायची, हो. गावातला कापूस माना टाकत होता आणि आमचं तण फुलावर आलं होतं.

दिवाळीच्या आधी शेंगा भरल्या, वाळायला लागल्या. तलाठ्यांचा निरोप आला, परवा पाहणीला येतो. त्या रात्री आई पूर्ण भाकरी जेवली. दुसऱ्या दिवशी तिच्या धाकट्या बहिणीच्या पुण्यानुमोदनाला आम्हाला नांदूरघाटला जावं लागलं. मुक्काम करून पाहणीच्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीने परत आलो आणि तशाच माळावर गेलो.

बांधावर आमच्या आळीतल्या अकरा बाया बसल्या होत्या. घामाघूम, समाधानी. आमच्याकडे सावड आहे. एकीच्या रानाची नड असली की बाकीच्यांनी जायचं, बोलावणं लागत नाही. त्यांनी ऐकलं होतं की तलाठी येणार आणि मावशी दुखवट्याला गेलीय. त्यांनी पाहिलं होतं की डेअरीचं सरकारी बेणं काही उगवलं नाही आणि सगळ्या रानाला बरबड्याने गिळलंय. म्हणून कालच्या दिवसात आणि आजच्या पहाटेत त्यांनी पाऊण एकर खुरपून काढलं होतं. एक काडी ठेवली नव्हती. बरबड्याचा उंच ढीग बांधाला लावला होता. मध्ये कुठे कुठे कसल्याशा गवताची ठोंबं होती, ती त्यांना ओळखू आली नाहीत. तेच डेअरीचं पीक असणार म्हणून प्रत्येक ठोंबाला गोल आळं करून दिलं होतं. त्यातल्या दोघींनी घरून तांब्या तांब्या पाणी आणून घातलं होतं. टँकरचं पाणी.

"आता ईऊ द्या म्हनावं तलाठ्याला," त्यातली एक म्हणाली.

मी बोलायला तोंड उघडलं तर आईने माझा दंड धरला. ती रान बघत होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं.

"लई चांगलं खुरपलं," ती त्यांना म्हणाली.

तेवढ्यात तलाठी आले, त्यांच्या मागून संस्थेचं पत्र घेऊन चेअरमन. चेअरमननी रान पाहिलं आणि पत्र खिशात परत ठेवलं. तलाठ्यांनी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं. मी त्यांचा हात बघत होते. 'पड' लिहायला दोनच अक्षरं लागतात.

"काढनी झाली, भाऊसाहेब," आई म्हणाली. "पीक हितं हाय." तिने ढिगाकडे हात केला.

तलाठी शेतकऱ्याच्याच घरचे. त्यांनी ढिगातली एक काडी उचलली. "मावशी, हा बरबडा आहे."

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. त्यांना काय ते कळायला लागलं होतं. एकीने पदर तोंडाला लावला.

चेअरमननी मग पत्र काढलं. तलाठ्यांनी ते नीट वाचलं. "चारा लिहिलाय. चारा म्हणजे गवत. गवताला मी 'गवत पड' लिहू शकतो. पण ती पडच झाली." त्यांना वाईट वाटत होतं, हे मी कबूल करते. "पीक म्हणजे धान्य पाहिजे, कडधान्य पाहिजे. माणसाच्या पोटात जाणारं काहीतरी."

"धान्यच हाय," आई म्हणाली.

"बरबडा? कोण खातं बरबडा?"

मला वाटलं ती आता म्हणेल, लोकं. तिने ढिगाकडे पाहिलं, बायांकडे पाहिलं, चेअरमनकडे पाहिलं. ज्यांच्यासमोर तिने हे नाव चार महिने घेतलं नव्हतं, ते सगळे तिथे होते.

"मी खाल्लाय," ती म्हणाली. "बाहत्तरला. खडी फोडायच्या कामावर व्हते. सरकारी मिलो जवारी मिळना, कधी मिळाली तर हिचा बाप आन माझा सासरा जेवायचे. मी मुंग्याची बिळं उकरायची आन बरबडा दळून खायची. दोन महिने. दुसरं काई पोटात गेलं न्हाई." मग तिने माझा दंड, जो तिने अजून सोडला नव्हता, जरा पुढे ओढला. "ही पोटात व्हती तवा. सातवा लागलेला. ही बगा, हुबी हाय."

तलाठ्यांनी रानाकडे पाहिलं, ढिगाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. पायापासून डोक्यापर्यंत. मी चाळीस वर्षांची बाई, डेअरीत फॅट काढणारी, कोणाचं ऐकून न घेणारी, तिथे पाहणीला उभी होते.

"सरळ हुबी ऱ्हा," आई म्हणाली. मी सरळ उभी राहिले.

त्यांनी बांधावर बसून लिहिलं. आईने सही केली, ती अजून अक्षर न अक्षर जोडून करते. मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं. पीक: बरबडा. पुढे कंसात: धान्य. काढणी झालेली. चेअरमन टोपी काढून डोकं पुसत राहिले. बायांनी ढीग बांधून घ्यायला सुरुवात केली, कोणी सांगितलं नव्हतं तरी शेंगा न सांडता, पदर पसरून.

खाली उतरताना वाटेवर आम्ही दोघीच होतो. मला राग आला होता आणि तो कोणावर काढायचा ते कळत नव्हतं, म्हणून आईवर काढला. "कावून सांगितलं न्हाईस मला? चाळीस वर्षं?"

"काय सांगायचं? आईनं तुला तण खाऊ घातलं म्हनून?"

थोडं चालल्यावर मी विचारलं, कसा लागायचा गं?

"घशाखाली उतरत न्हाई. लई खरबरीत." ती पुढे चालत होती, मागे न बघता बोलत होती. "खाताना मी रोज तुला म्हनायची, येवढ्या बारीला घे बाळा, पुढच्या सुगीला जवारीची दीन."

मी वाटेतच खाली बसले आणि रडले, चांगली हमसून रडले. आई काही थांबली नाही. दूध घालायची वेळ झाली होती आणि डेअरीची किल्ली माझ्याकडे होती, तेवढं तिने वळून सांगितलं.